डाव्या हाताचे काम

६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये ६२ मिनिटांचा अल्बम मावत नाही, हे मला वयाच्या पंधराव्या वर्षी माहीत नव्हते. मिरजेत आमच्या गल्लीत राहणाऱ्या मित्राचा मामा मस्कतला नोकरीला होता. त्याने आणलेल्या डेफ लेपर्ड या इंग्रज रॉक बँडच्या 'हिस्टेरिया' या अल्बमची अस्सल कॅसेट आम्हाला हात लावायला मिळत नसे. म्हणून मित्राने घरातल्या दोन कप्प्यांच्या टेपरेकॉर्डरवर ती एका दुपारी मला भरून दिली, आणि 'आर्मागेडन इट' हे पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे ऐन रंगात आले असताना खटकन तुटले. दुसऱ्या बाजूच्या शेवटचे गाणे तसे विरतच जाते, त्यामुळे तिथे अर्धा मिनिट गेले तरी फारसे कळत नाही. पहिल्या बाजूचे दीड-पावणेदोन मिनिट मात्र गेले ते गेले. हे गाणे असेच संपते, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती, आणि असा शेवट करणाऱ्यांच्या धाडसाचे मला कौतुकही वाटत असे.

त्याच काळात मी तबला शिकत होतो. गुरुजींच्या घरी संध्याकाळी सातची वेळ असे, आणि घरी रियाझाला बसण्याआधी मी टेपवर एखादे गाणे लावून घेई. एकदा गुरुजी काही निरोप द्यायला आमच्याकडे आले. दारातच थांबून त्यांनी दोन-तीन मिनिटे ऐकले. मी घाईघाईने टेप बंद करायला उठलो, तर म्हणाले, "असू दे, असू दे. ठेका चांगलाय. पण हा माणूस नव्हे, मशीन आहे. माणूस इतकं सारखं वाजवत नाही." मला राग आला. त्या ड्रमवादकाला डावा हातच नाही, हे मला कॅसेटच्या आतल्या कागदावरून आणि मित्राच्या मामाकडून कळले होते. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाने गुरुजींशी वाद घालायचा नसतो. मी गप्प बसलो. गुरुजी बरोबर होते आणि मीही चुकलो नव्हतो, हे उलगडायला पुढची जवळजवळ तीस वर्षे गेली.

डेफ लेपर्डची मंडळी इंग्लंडमधल्या शेफिल्डची. हे नाव मला त्यांच्याही आधीपासून ठाऊक होते, कारण आजोबांच्या दाढीच्या वस्तऱ्यावर ते कोरलेले होते. पोलादाचे गाव. स्टेनलेस स्टीलचा शोध १९१३ मध्ये तिथेच हॅरी ब्रेअर्लीने लावला, आणि सुऱ्या, कात्र्या, चमचे हा त्या गावाचा पिढीजात धंदा. १९७७ मध्ये जमलेल्या या पोरांना तालमीसाठी जी खोली मिळाली, तीसुद्धा चमच्यांच्या एका जुन्या कारखान्यातली होती. रिक ॲलन हा ड्रमवादक त्यांच्यात आला तेव्हा नुकता पंधरा वर्षांचा झाला होता. ज्या वयात मी गुरुजींसमोर टेप बंद करायला धडपडत होतो, त्या वयात तो हे करत होता, हा हिशेब माझ्या मनात नेहमी होतो आणि दर वेळी मला थोडा ओशाळवाणा करतो.

ऐंशीच्या दशकातल्या ज्या लाटेला पुढे ग्लॅम मेटल म्हटले गेले, तिचे माहेर अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर. फुगवलेले केस, त्यांवर हेअरस्प्रेचे थर, ओठांना रंग, अंगाला चिकटलेल्या विजारी, आणि या सगळ्याच्या मागे गिटारच्या गोंगाटात लपवलेली साधी, गुणगुणता येणारी चाल. डेफ लेपर्डला त्याच खणात टाकण्याची पद्धत पडली आणि तो शिक्का त्यांना कधीच आवडला नाही. माझ्या मते त्यांची तक्रार अर्धी खरी आहे. केस होते, विजारी होत्या, चित्रफितीही तशाच होत्या. परंतु त्यांचा चकचकीतपणा सनसेट स्ट्रिपचा नव्हता. तो त्यांच्या लहानपणी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ब्रिटिश टीव्हीवर दिसणाऱ्या टी. रेक्स, स्लेड, स्वीट, मॉट द हूपल अशा मंडळींचा होता. 'रॉकेट' हे गाणे ऐकले की हे स्पष्ट होते, कारण त्याच्या शब्दांत त्या काळच्या गाण्यांची आणि गायकांची नावे मण्यांसारखी ओवलेली आहेत. मला त्यातली निम्मी नावे तेव्हा नावे म्हणून कळलीच नव्हती.

'हिस्टेरिया'च्या आधीचा 'पायरोमेनिया' जानेवारी १९८३ मध्ये आला आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पहिल्या क्रमांकावर मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' ठाण मांडून बसला होता. त्यांचा निर्माता रॉबर्ट जॉन लँग, ज्याला सगळे 'मट' म्हणतात, त्याने या पराभवातून एक विचित्र धडा घेतला. रॉकच्या अल्बममध्ये दोन-तीन गाणी जोरकस आणि बाकीची भरताड, ही रीत मोडायची. 'थ्रिलर'सारखे प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे रेडिओवर चालेल असे करायचे. लँगचा जन्म आजच्या झांबियातला, वाढ दक्षिण आफ्रिकेतली, आणि एसी/डीसीच्या 'बॅक इन ब्लॅक'चा निर्माता म्हणून त्याचा दबदबा होता. पण गाण्यांची जुळवाजुळव सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याने अंग काढून घेतले. तो थकला होता.

त्याच्या जागी जिम स्टाइनमन आला. मीट लोफच्या 'बॅट आउट ऑफ हेल'ची गाणी लिहिणारा हा माणूस थोर होता, परंतु या घरात चुकून आलेला जावई होता. त्याला स्टुडिओत पाचही जण एकदम वाजवतील तसे, थोडे कच्चे, घेतलेले हवे होते, आणि यांना लँगची इतकी सवय लागली होती की कच्चेपणा म्हणजे त्यांना अपुरे राहिलेले काम वाटे. हॉलंडमधल्या हिल्वर्समच्या स्टुडिओतला गालिचा स्टाइनमनला आवडेना, म्हणून तो बदलण्याची गोष्ट निघाल्याचा किस्सा बँडच्या लोकांनी पुढे अनेकदा हसत सांगितला आहे. अखेर त्याला पैसे देऊन मोकळे केले गेले. मग ध्वनिमुद्रक नायजेल ग्रीनला बरोबर घेऊन त्यांनी स्वतःच प्रयत्न केला आणि तेही काम टाकून दिले. १९८४ साल संपत आले, आणि हाती एकही गाणे नव्हते.

त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, शेफिल्डच्या बाहेर डोंगरातून जाणाऱ्या ए-५७ रस्त्यावर रिक ॲलनची कॉर्व्हेट गाडी उलटली आणि त्याचा डावा हात तुटला. डॉक्टरांनी तो पुन्हा जोडला, पण जंतुसंसर्ग झाल्याने काढून टाकावा लागला. तो २१ वर्षांचा होता.

इथे तबला शिकलेल्या माणसाला थोडे थांबावेसे वाटते. आपल्याकडे एखादे काम फार सोपे आहे असे सांगायचे झाले तर 'डाव्या हाताचा मळ' म्हणतात. ही म्हण तबलजीने केलेली नसणार, हे नक्की. डाव्याला, म्हणजे डग्ग्याला, आमच्याकडे फार मान आहे. उजवा हात नक्षी काढतो, पण 'धा' हा बोल वाजतो तो उजव्याचा 'ना' आणि डाव्याचा 'घे' एका क्षणी पडतात म्हणून. त्यातला डावा काढून घेतला तर राहते ती किणकिण. ताल खालीला, म्हणजे आवर्तनातल्या रित्या भागाला, जातो तेव्हा मुख्यतः डाव्याचा घुमारा थांबतो, आणि तो पुन्हा आला की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. ड्रममध्ये डाव्याचे काम वेगळे असले तरी महत्त्व तेच. उजव्या हाताने वाजवणारा वादक उजवा हात झांजेवर ठेवतो आणि डावा हात त्याच्याखालून घालून स्नेअर या समोरच्या ड्रमवर मारतो. चार मात्रांच्या चालीत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जो टणका पडतो, ज्याच्यावर रॉक संगीताची सगळी इमारत उभी आहे, तो डाव्या हाताचा. ॲलनचा हात गेला म्हणजे ऐकणाऱ्यांची पावले ज्या दोन मात्रांवर पडतात त्या दोन मात्रा गेल्या.

रुग्णालयातल्या पलंगाच्या पायथ्याशी, रुग्ण खाली घसरू नये म्हणून, फोमचा एक तुकडा लावलेला होता. झोपल्या झोपल्या त्यावर पाय आपटताना ॲलनच्या लक्षात आले की डोक्यातला ठेका शाबूत आहे आणि हाताची कामे पायांना देता येतील. सिमन्सच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर त्याच्यासाठी खास रचना झाली. डाव्या पायाशी पायट्यांची, म्हणजे पेडलची, रांग आली आणि स्नेअरचा टणकाही एका पायट्याखाली गेला. लँगने या दिवसांत त्याला धीर दिला, आणि काही महिन्यांनी तो स्वतः निर्माता म्हणून परत आला. १९८६ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये छोटे कार्यक्रम ठेवले गेले, तेव्हा सोबतीला स्टेटस क्वो या बँडचा जेफ रिच दुसरा वादक म्हणून बसत असे. त्यांतल्या एका कार्यक्रमाला रिच वेळेवर पोहोचू शकला नाही. ॲलनने एकट्याने सुरुवात केली, आणि मग दुसऱ्या वादकाची गरजच उरली नाही. १६ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या मैदानावर, मोठ्या रॉक महोत्सवात, बँडचा गायक जो एलियट याने त्याची ओळख करून दिली, त्या वेळचा गर्दीचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना मी काही सांगण्याची गरज नाही. अल्बमला 'हिस्टेरिया' हे नावही ॲलननेच सुचवले. त्याच्या अपघातानंतर वर्तमानपत्रांनी जो धुमाकूळ घातला, तोच त्याच्या मनात होता.

हे सगळे वाचून कोणालाही वाटेल की मग या अल्बममधले ड्रम म्हणजे त्या जिद्दीची साक्ष असतील, प्रत्येक ठोक्यात त्याचा पाय ऐकू येत असेल. तसे काही नाही, आणि गुरुजींनी दारात उभे राहून ओळखले ते हेच. लँगने ड्रमचे सुटे आवाज घेऊन फेअरलाइट नावाच्या संगणकी वाद्यात भरले, आणि ठोके तिथून जागच्या जागी बसवले. गिटार आणि गाणे आधी यंत्राच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित झाले, आणि ड्रमचा अंतिम आवाज बराच नंतर आला. स्नेअरचा जो भला मोठा, दगडी सभागृहात दार आपटल्यासारखा टणका आपण ऐकतो, तसा आवाज कोणत्याही स्नेअरचा निसर्गतः निघत नाही. ज्या माणसाने एका हाताने ड्रम वाजवून दाखवले, त्याच्याच अल्बममध्ये कोणाच्याच हाताचा ठोका जसाच्या तसा ठेवलेला नाही. पुष्कळ वर्षे मला ही गोष्ट फसवणुकीसारखी वाटे. कॉलेजात माझे मेटल ऐकणारे मित्र 'हिस्टेरिया'ला प्लास्टिक म्हणत, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसे.

उत्तर सापडले ते गिटारच्या बाजूने. या अल्बममधल्या गिटार मोठ्या ॲम्प्लिफायरच्या भिंतींसमोर वाजवलेल्या नाहीत. त्यांचा बराचसा भाग रॉकमन नावाच्या, वॉकमनएवढ्या डबीतून गेला आहे. ही डबी बॉस्टन बँडच्या टॉम शोल्झने, जो शिक्षणाने अभियंता होता, तयार केली होती. आवाज फाटका करून एकदम पाच-सहा तारा छेडल्या तर त्यांचे सूर एकमेकांत घुसून गाळ होतो. म्हणून लँगने स्टीव्ह क्लार्क आणि फिल कॉलन या दोघांना काही ठिकाणी स्वरसंघातली एक-एक तार स्वतंत्रपणे वाजवायला लावली, आणि ते सुटे सूर एकावर एक रचून पुन्हा अखंड स्वरसंघ उभा केला. गायनाचेही तेच: मागच्या कोरसमध्ये थरावर थर चढवलेले आहेत आणि त्यांत खुद्द लँगचा आवाजही मिसळलेला आहे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर मी लहानपणापासून पाहिले आहेत. घोडीवर दोनदा कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, दोरा थोडा सरकवायचा, पुन्हा छेडायची. अर्धा दिवस हेच. आणि शेवटी तंबोरा बोलू लागतो, तेव्हा तो गुंजारव लाकडातून आपोआप उगवल्यासारखा वाटतो. त्या आवाजाला कोणी कृत्रिम म्हणत नाही. 'हिस्टेरिया' मला त्या जातीचे काम वाटते: इतके घासलेले की कानशीची खूण दिसत नाही, आणि खूण दिसत नाही म्हणून घासलेच नसेल असे वाटावे. शेफिल्डच्या चमच्याबद्दलही हेच म्हणता येईल, पण तो मोह मी आवरतो.

याची किंमत होतीच. तीन वर्षे आणि एवढा खर्च, की निव्वळ भांडवल वसूल व्हायला ५० लाख प्रती खपाव्या लागतील असा हिशेब त्या काळी मांडला गेला. किंमत संगीतानेही मोजली. सगळ्या बाजूंनी पॉलिश केलेल्या वस्तूला पकडायला कंगोरा राहत नाही, आणि 'एक्सायटेबल' किंवा 'रन रायट' ही गाणी मला आजही हातातून निसटतात. 'लव्ह बाइट्स' लँगने आणले ते मुळात कंट्री वळणाचे गाणे होते. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले या बँडचे ते एकमेव गाणे, आणि ते मला अर्धा मिनिट जास्त लांबल्यासारखे वाटते. चाहत्यांनी माफ करावे. उलट 'गॉड्स ऑफ वॉर'कडे पुरेसे लक्ष कोणी दिले नाही. साडेसहा मिनिटांच्या त्या गाण्यात रेगन आणि थॅचर यांचे खरे आवाज पेरलेले आहेत, आणि सगळ्या शृंगाराच्या मध्यावर हे एक गाणे शीतयुद्धाच्या भीतीने काळवंडलेले आहे. स्टीव्ह क्लार्कच्या गिटारने त्याची सुरुवात होते, तेव्हा त्या लखलखीत घरात कोणीतरी दिवा घालवल्यासारखे वाटते.

पण अल्बमचे मन 'हिस्टेरिया' याच नावाच्या गाण्यात आहे. दोन गिटार इथे एकमेकींवर चढत नाहीत. एक बोलते तेव्हा दुसरी तिच्या शब्दांमधल्या फटींतून पाणी झिरपावे तशी येते. ठेका मध्यम लयीत, एकदाही न डगमगता चालतो, आणि जो एलियट, जो इतरत्र घसा ताणून ओरडतो, तो इथे जवळजवळ कुजबुजतो. हेडफोनवर हे गाणे ऐकताना मी एकदा फक्त डावा कान आणि एकदा फक्त उजवा कान लावून पाहिला. दोन्हीकडे अर्धेच गाणे असते, आणि ते अर्धे गाणेही पूर्ण वाटते. हा प्रयोग मी अनेकांना करायला लावला आहे. निम्मे जण नम्रपणे 'हो का' म्हणून हेडफोन परत देतात.

'पोर सम शुगर ऑन मी'ची गोष्ट वेगळी. अल्बम जवळपास संपलेला होता. मधल्या सुट्टीत एलियट साध्या गिटारवर काहीतरी छेडत बसला होता, ते लँगच्या कानावर पडले, आणि लँगने आणखी एक गाणे करायचे ठरवले. ज्या अल्बमची गाणी महिनोन्महिने घोटली गेली त्यात हे दोन-एक आठवड्यांत झाले. मिनिटाला सुमारे ८५ मात्रा, म्हणजे नाचायला थोडे संथ, चालायला थोडे ठसकेबाज. त्यात टणका आणि टणका यांच्या मधे इतकी मोकळी जागा आहे की तबलजीच्या बोटांना राहवत नाही. मी त्यावर केरव्याची लग्गी लावून पाहिली आहे आणि आईच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

अल्बम ३ ऑगस्ट १९८७ रोजी बाजारात आला. ब्रिटनमध्ये तो लगेच पहिल्या क्रमांकावर गेला आणि 'अ‍ॅनिमल' हे गाणे सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. मायदेशात त्यांचे गाणे पहिल्या दहांत येण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिकेत मात्र पहिले गाणे म्हणून 'विमेन' पुढे केले गेले आणि ते ८० व्या क्रमांकापलीकडे सरकले नाही. पन्नास लाखांचा हिशेब डोक्यावर असताना ही सुरुवात पाहून त्यांच्या पोटात काय झाले असेल, ते सांगायला नको. दोन आठवडे आधीच गन्स अँड रोझेस या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम आला होता, जो खरखरीत होता, धोकादायक होता, आणि लँगच्या तीन वर्षांच्या घासकामाला उद्दामपणे उत्तर दिल्यासारखा वाजत होता. १९८८ च्या वसंतात 'शुगर' अमेरिकेत आले आणि चित्र पालटले. २३ जुलै १९८८ रोजी, बाजारात आल्यानंतर जवळजवळ एका वर्षाने, 'हिस्टेरिया' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर चढला. १२ गाण्यांपैकी ७ गाणी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी २० लाख प्रतींची नोंद आहे. लँगचा 'थ्रिलर'चा हट्ट वेडेपणाचा होता, पण हिशेबाला धरून होता.

स्टीव्ह क्लार्कबद्दल दोन वाक्ये लिहायची आणि पुढे जायचे, असे मी हा लेख सुरू करतानाच ठरवले होते, कारण त्याच्याबद्दल लिहायला लागलो की माझा सूर बिघडतो. तो शास्त्रशुद्ध गिटार शिकलेला होता, त्याला सरळ रेषेत वाजवायला आवडत नसे, आणि 'गॉड्स ऑफ वॉर'मधली अंधारी जागा मला त्याचीच वाटते. दारूने त्याला सोडले नाही, आणि ८ जानेवारी १९९१ रोजी, ३० वर्षांचा असताना, लंडनमधल्या राहत्या घरी तो गेला. 'हिस्टेरिया' हा त्याच्या हयातीत पूर्ण झालेला शेवटचा अल्बम ठरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' आला आणि हेअरस्प्रेचे दिवस संपले.

२०१८ च्या जानेवारीत, ध्वनिमुद्रण कंपनीशी असलेला जुना वाद मिटल्यावर, डेफ लेपर्डची जुनी गाणी मूळ रूपात पहिल्यांदा मोबाइलवर अधिकृतपणे ऐकता येऊ लागली. त्या आधी एका मित्राकडच्या सीडीवर 'आर्मागेडन इट'चा खरा शेवट मी ऐकला होता, आणि खरे सांगायचे तर थोडा निराश झालो होतो; कोरस फिरत राहतो, गिटार त्याच्याभोवती घोळते, आणि गाणे सभ्यपणे निरोप घेते. माझ्या कॅसेटवरचा शेवट जास्त चांगला होता.

त्याच वर्षी मे महिन्यात मिरजेला गेलो असताना गुरुजींना भेटायला गेलो. ते सत्तरीच्या पुढे गेले होते, बोटे अजून चालत होती, पण शिकवणी बंद केली होती. बोलता बोलता मी त्यांना तीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारची आठवण करून दिली. त्यांना ती आठवत नव्हती. मग मी मोबाइल काढला आणि १९८८ च्या फेब्रुवारीत डेन्व्हरला झालेल्या कार्यक्रमाचे चित्रीकरण लावले. त्या दौऱ्यात रंगमंच सभागृहाच्या मधोमध असे आणि चारी बाजूंनी प्रेक्षक. त्यामुळे ड्रमवादकाला पाठीमागे लपायला जागा नव्हती.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि मोबाइल नाकाजवळ नेला. काही वेळाने म्हणाले, "याला डावा हात नाही."

"नाही."

"मग डाव्याचं काम कोण करतं?"

"पाय."

त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला, पण नजर गाण्याच्या आवाजाकडेच ठेवली. खुर्चीत बसल्या बसल्या डाव्या पायाची चप्पल काढली, उजव्या हाताने मांडीवर 'ना' ठेवायला सुरुवात केली, आणि 'घे'च्या जागी फरशीवर टाच टेकवून पाहिली. पहिली दोन आवर्तने टाच मागे पडत होती. तिसऱ्याला ते थांबले, पुन्हा सुरू केले, आणि आता टाच वेळेवर पडली. मला वाटले ते काही कौतुकाचे बोलतील.

"पायाला हातापेक्षा आधी निघावं लागतं," ते म्हणाले. "लांबून यायचं असतं त्याला."

मग मी त्यांना अल्बममधले तेच गाणे ऐकवले, जे त्यांनी त्या दिवशी दारात उभे राहून ऐकले होते. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकले.

"मी तेव्हा मशीन म्हणालो होतो ना?"

"हो."

"मग बरोबरच म्हणालो होतो." त्यांनी चप्पल पायात सरकवली. "ते आधीचं लाव पुन्हा. आणि या वेळी मोठं करून दे, मला त्याचा पाय बघायचाय."